कॅसिनोच्या पणजीत खिशाला हात न लावता: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा मार्ग

संध्याकाळी साडेसहा-सातला मांडवी नदीच्या काठावर उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. पुणे, सांगली, कोल्हापूरकडच्या नंबरप्लेटच्या गाड्या येऊन थांबतात. आठ-दहा जणांचा घोळका उतरतो. चौघं कॅसिनोच्या बोटीकडे निघतात आणि उरलेले फूटपाथवर घुटमळतात. कुणाच्या कडेवर मूल असतं, कुणी २१ वर्षांच्या आतलं असतं, कुणाला जुगारात रसच नसतो. मग ही मंडळी हॉटेलवर परत जाऊन टीव्ही लावून बसतात.

या लोकांसाठी हे लिहितो आहे. मी बरीच वर्षं पणजीत राहतो आणि इथल्या रस्त्यांवर माझा जीव आहे. या शहरातलं सगळ्यात चांगलं जे काही आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिकीट नाही. ते पायी आणि फेरीबोटीने बघावं लागतं एवढंच.

आधी थोडं शहराविषयी

पणजी कॅसिनोंचं शहर झालं ते अलीकडे. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या बोटींनाही परवानगी दिली आणि २००१ मध्ये मांडवीत पहिली कॅसिनो बोट सुरू झाली. आज त्या बोटींची रोषणाई ही शहराची रात्रीची ओळख बनली आहे. आत जायला वय किमान २१ लागतं. गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे, म्हणजे हा सगळा थाट बाहेरून येणाऱ्यांसाठीच मांडलेला आहे.

नव्या माणसाने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. काठावर उभे असलेले एजंट 'जेवण फ्री, शो फ्री' असं सांगतात. ते जेवण आणि तो कार्यक्रम प्रवेशाच्या पॅकेजमध्ये धरलेला असतो, म्हणजे त्याचे पैसे तुम्ही आत जातानाच दिलेले असतात. ज्याला जायचं आहे त्याने जावं, पण काय काय धरलं आहे आणि कुपनांचे पैसे परत मिळतात का, हे लेखी बघून जावं. ज्याला जायचं नाही त्याने 'नको' म्हणून पुढे चालायला लागावं. कुणी मागे लागत नाही.

पायरी १: तारीख ठरवताना कॅलेंडर उघडा

हातात मोकळीक असेल तर गोव्यातल्या एखाद्या उत्सवाला जोडून या. इथले रस्त्यावरचे उत्सव बघायला पैसे पडत नाहीत आणि ते कुठल्याही स्टेजवरच्या कार्यक्रमापेक्षा भरगच्च असतात.

माझी पहिली पसंती नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीला. वाड्यावाड्यावर मुलांनी महिनाभर खपून नरकासुर उभे केलेले असतात. काही दोन मजली घरापेक्षा उंच, डोळे फिरणारे, हात हलणारे. रात्रभर लोक एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर ते बघत हिंडतात आणि पहाटे ते जाळले जातात. आपल्याकडे पहाटे कारीट फोडतात, त्याचं हे केवढं तरी मोठं रूप. आवाज फार असतो, लहान मुलांच्या कानात कापूस घाला.

होळीनंतर शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, येतो. गोव्यातल्या एकेका शहरात एकेका दिवशी मिरवणूक असते. ढोल-ताशांवर नाचत जाणारा रोमटामेळ, घोड्याची सोंगं बांधून केलेली घोडेमोडणी, फुगडी, पौराणिक देखावे. पणजीचा दिवस कोणता ते त्या वर्षीचं वेळापत्रक बघून ठरवा. कार्निव्हल ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला असतो आणि पणजीची मिरवणूक शनिवारी निघते. कार्निव्हलचा सोंगातला राजा मोमो सगळ्यांना मौज करायचा हुकूम देतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघता येतं. खुर्च्यांच्या मागे लागू नका, वळणाजवळची जागा पकडा, तिथे चित्ररथ हळू होतात.

डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. २०१६ पासून पणजीत भरतो. चित्रं, नाटक, संगीत, हस्तकला असं शहरभर पसरलेलं असतं. नाव नोंदवावं लागतं, पैसे नाहीत. याच महिन्यात ८ तारखेला पणजीच्या मोठ्या चर्चचं फेस्त, म्हणजे सणाची जत्रा असते, तेव्हा चर्चच्या आसपास खाजें, खेळणी आणि कपड्यांची दुकानं लागतात.

यातलं काहीच जमत नसेल तरी बिघडत नाही. जून ते सप्टेंबरमधला पाऊस सोसत असेल तर पावसाळाही उत्तम. गर्दी नसते आणि जुन्या घरांचे रंग ओले झाले की खुलतात.

पायरी २: गाडी एका जागी लावा आणि विसरा

पणजीचा जुना भाग लहान आहे. कदंब बसस्थानकापासून चर्चच्या चौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत चालत पोचता येतं. गाडी घेऊन हिंडलात तर वेळ एकेरी रस्त्यांत जाईल आणि पैसे पार्किंगमध्ये. गाडी हॉटेलवर ठेवा किंवा पाट्टो भागात लावा आणि तिथून पायी निघा. पायात चप्पल चालेल, पण घसरणारी नको, कारण इथे पायऱ्या आणि उतार भरपूर आहेत. पाण्याची बाटली, टोपी आणि मंदिर-चर्चमध्ये शिरता येईल असे खांदे व गुडघे झाकणारे कपडे, एवढी तयारी पुरे.

भाषेची काळजी करू नका. मराठी इथे सगळ्यांना कळते, पुष्कळांना उत्तम बोलता येते. दुकानदाराला 'बाब' आणि दुकानात बसलेल्या बाईंना 'बाय' म्हटलंत तर समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

पायरी ३: सकाळ फोंतेन्हासला द्या, पण दबकत

सकाळी सातच्या सुमाराला बसस्थानकाकडून पाट्टोचा पूल ओलांडा. खाडीच्या काठाने डावीकडे वळलात की फोंतेन्हास सुरू होतं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे आंतोनियु जुआंव द सिकेरा नावाच्या गृहस्थाची नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. पुढे बाग गेली आणि राजधानी 'ओल्ड गोवा' म्हणजे जुन्या गोव्यातून इकडे सरकली तसे सरकारी नोकरीतले लोक घरं बांधून राहू लागले. फोंतेन्हास हे नाव इथल्या झऱ्यावरून आलं. पोर्तुगीजांच्या काळात दर वर्षी घर रंगवायची सक्ती होती आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखीव होता, असं इथले जुने लोक सांगतात.

नुसते रंग बघून पुढे गेलात तर अर्धं राहून जाईल. मान वर करून बघा. छपराच्या टोकावर मातीचा कोंबडा दिसेल. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं दिसतील, त्यांतून आत दुधासारखा उजेड पडतो. घराच्या पुढ्यात बसायला बांधलेला बाल्कांव दिसेल. रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर लिहिली आहेत. त्यातला '३१ जानेवारी' हा रस्ता पोर्तुगालमध्ये १८९१ साली राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाच्या तारखेचा आहे. थोड्याच अंतरावर '१८ जून' नावाचा मोठा बाजाररस्ता आहे. ती तारीख १९४६ ची, त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सभेची हाक दिली. एकाच लहान शहरात दोन बंडांच्या तारखा रस्त्यांना दिलेल्या आहेत. मुलांना घेऊन चालत असाल तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

गल्लीच्या टोकाला संत सेबास्तियनचं छोटं पांढरं कपेल, म्हणजे लहान चर्च आहे. ते एरवी बंद असतं, प्रार्थनेच्या वेळी उघडतं. आतल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या वाड्यात होता. आरोपींना ज्याच्यासमोर उभं करत तोच हा. उघडं सापडलं तर आत जाऊन दोन मिनिटं शांत बसा.

आता मनापासून एक विनंती. इथे माणसं राहतात. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांनी आणि रील करणाऱ्यांनी इथल्या रहिवाशांना अक्षरशः भंडावून सोडलं आहे. कुणाच्या पायरीवर बसून, दाराला टेकून, खिडकीत डोकावून फोटो काढू नका. फोटो नको असल्याची पाटी असेल तर ती पाळा. मोठ्याने हाका मारू नका. सकाळी सातला जायला सांगतो ते यासाठीही. त्या वेळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकत फिरत असतो, बायका अंगण झाडत असतात. तुम्ही नमस्कार केलात तर तेही करतात. दहानंतर तिथे पर्यटकांची रांग लागते आणि घरांची दारं बंद होतात.

फोंतेन्हासच्या मागे मळा हा भाग आहे आणि वर टेकडीवर मारुतीचं देऊळ. पायऱ्या चढून गेलात की खाली लाल कौलांचा सगळा पट्टा आणि पलीकडे खाडी दिसते. फेब्रुवारीच्या सुमारास इथे मळ्याची जत्रा भरते. तिथून वर आल्तिन्योच्या टेकडीवर चालत जाता येतं. वर जॉगर्स पार्क आहे, दाट झाडी आहे, बसायला बाकं आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र देवळापर्यंतच जावं.

पायरी ४: चर्च, बाग, बाजार

टेकडीवरून खाली उतरलात की चर्चचा चौक. पांढऱ्याशुभ्र नागमोडी पायऱ्यांवर उभं असलेलं हे चर्च मुळात १५४१ मध्ये बांधलं आणि १६१९ मध्ये नव्याने उभारलं. वरची घंटा गोव्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी. ती जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या मठाची, तो ओस पडल्यावर १८७१ मध्ये इथे आणली. दुसऱ्या दिवशी त्या मठाचा पडका मनोरा बघाल तेव्हा या घंटेची आठवण ठेवा. पायऱ्यांवर चढून फोटो काढायला काही काळ बंदी असते, काही काळ नसते. रखवालदार सांगेल तसं वागा.

समोरच नगरपालिकेची बाग आहे, गार्सिया द ऑर्ता यांच्या नावाची. हे वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. बागेत सावली आहे, बाकं आहेत. चालून पाय दुखले असतील तर अर्धा तास इथे बसा.

तिथून आझाद मैदानाकडे जा. मैदानातल्या खांबांच्या मंडपात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंस द आल्बुकेर्कचा पुतळा होता. आता तिथे गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचं स्मारक आहे. मैदानाशेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइल्सवर रंगवलेली मोठी चित्रं आहेत. पोर्तुगीज कवी कामोइश यांच्या महाकाव्यातले प्रसंग, १९३५ मध्ये केलेले. बरेच लोक दारावरून निघून जातात. दार उघडं असेल तर आत शिरा, रखवालदाराला विचारा आणि भिंतींकडे बघत सावकाश एक फेरी मारा.

महालक्ष्मीचं देऊळ याच भागात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज सरकारची परवानगी मिळवून ते उभं राहिलं. ज्या राज्यात त्याआधी देवळं पाडली जात होती, तिथे राजधानीत हिंदूंना देऊळ बांधू देणं ही त्या काळी मोठी घटना होती.

मग बाजार. पणजीचं मार्केट बघायलाही अर्धा दिवस पुरत नाही. तळमजल्यावर मासळी, बाजूला भाजी, फुलांच्या रांगेत आबोलीचे आणि जायांचे गजरे. उन्हाळ्यात मानकुराद आंबा, एरवी मोयरा केळी, सोलां म्हणजे आमसुलं, मातीची भांडी. काही न घेता नुसतं बघितलं तर कुणी रागावत नाही. पण मासळीवालीला भाव विचारून घासाघीस करून तसंच निघून जाऊ नका, ती ऐकवते आणि तिचं बरोबर असतं.

पायरी ५: दुपारचं ऊन ग्रंथालयात काढा

बारा ते चार या वेळात बाहेर फिरणं शहाणपणाचं नाही. एप्रिल-मे तर नाहीच. हॉटेलवर परत जायला नको असेल तर पाट्टोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आजची इमारत नवी, बहुमजली आणि थंडगार आहे. पिशव्या खाली जमा करायच्या, नोंदवहीत नाव लिहायचं. वर्तमानपत्रं आणि मासिकं मराठीतली भरपूर आहेत, मुलांसाठी वेगळा विभाग आहे. ज्यांच्या नावाने हे ग्रंथालय आहे ते कृष्णदास शामा सोळाव्या शतकातले केळशीचे, मराठीत कृष्णचरित्र लिहिणारे गोमंतकीय कवी. मी पाहुण्यांना इथे आणतो तेव्हा ते आधी कुरकुरतात, 'गोव्यात येऊन ग्रंथालय?' आणि तासाभराने उठवावं लागतं.

पायरी ६: संध्याकाळ नदीची

ही पायरी गाळू नका, बाकी काही गाळलंत तरी चालेल.

चार-साडेचारला जुन्या सचिवालयापासून सुरुवात करा. नदीकाठची ही पांढरी इमारत मुळात आदिलशहाचा वाडा. १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहू लागले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शेजारी एक काळा पुतळा आहे. एका स्त्रीवर दोन्ही हात रोखून उभा असलेला झगेवाला पुरुष. हे आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीत जन्मले, पुढे पॅरिसला गेले. मोहनिद्रा (हिप्नॉटिझम) ही कुणाच्या अंगातली जादू नसून ती समोरच्याच्या मनाच्या तयारीवर घडते, हे त्यांनी मांडलं. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला. आबे फारियांची एक गोष्ट गोव्यात घरोघरी सांगतात. तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच म्हटलं, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' मुलगा सावरला आणि बोलत सुटला. पुतळ्यासमोर उभं राहून ही गोष्ट मुलांना सांगा, परीक्षेच्या वेळी कामाला येईल.

तिथून नदीच्या काठाने पश्चिमेकडे चाला. वाटेत कांपालची जुनी झाडं, बाग आणि पुढे कला अकादमी. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ही इमारत रस्त्यावरून नदीपर्यंत मोकळी ठेवलेली आहे. आत जायला दार ढकलावं लागत नाही, माणूस चालता चालता इमारतीत येतो आणि पलीकडे नदी दिसते. नाटकाची तिकिटं असतात, पण चित्रप्रदर्शनं आणि बरेच सरकारी सांस्कृतिक कार्यक्रम विनामूल्य असतात. बाहेरचा फलक वाचा. मराठी नाट्यस्पर्धा चालू असेल तर आत जाऊन बसाच. गोव्यातले हौशी कलावंत काय ताकदीने मराठी नाटक करतात हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनी बघायला हवं.

अजून चालायची ताकद असेल तर पुढे मिरामार. इथे नदी समुद्राला मिळते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी इथेच आहे. सूर्यास्त बघा, वाळूत मुलांना खेळू द्या, पण पोहायला उतरू नका. नदीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.

मिरामारहून बसने परत या आणि अंधार पडता पडता फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचा. पणजी ते बेती. पायी माणसाला तिकीट नाही. सपाट लोखंडी बोट, मधे गाड्या, कडेला बाकं. पुढची फळी पूर्ण खाली टेकेपर्यंत थांबा, मगच चढा, आणि चढल्यावर कडेला जा, कारण मागून दुचाकी येतात. पाच-सात मिनिटांचा प्रवास.

बोट नदीच्या मधे आली की बघा. मागे पणजीचे दिवे, सचिवालयाची पांढरी भिंत. एका बाजूला तीन पूल, दुसऱ्या बाजूला रेइश मागुशच्या किल्ल्याची काळी टेकडी. आणि आजूबाजूला त्या कॅसिनोच्या बोटी, लाल-जांभळ्या-सोनेरी. त्यांचा सगळा प्रकाश पाण्यावर उतरून हलत असतो. त्या बोटींवर बसलेल्यांना हे दिसत नाही, ते आत असतात. तिकीट काढून जाणाऱ्या सहलीच्या बोटीसुद्धा याच पाण्यातून फिरतात.

ही फेरीबोट पर्यटकांसाठी चालवलेली नाही. कामावरून परतणारी माणसं, डबे, भाजीच्या पिशव्या, शाळेची मुलं, सगळे तिच्यात असतात. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा शहराचा उत्तरेशी संबंध अशाच फेरीबोटींनी टिकवला. जुन्या लोकांना त्या रांगा अजून आठवतात. पलीकडे बेतीला उतरा, धक्क्याजवळ पाच-दहा मिनिटं उभे राहून मासेमारीचे ट्रॉलर बघा आणि पुढच्या बोटीने परत या. शेवटची बोट किती वाजता हे जातानाच खलाशाला विचारून ठेवा.

पायरी ७: दुसरा दिवस, जुनं गोवं आणि नदीपलीकडचा शिवाजी महाराजांचा लेख

कदंब स्थानकावरून जुन्या गोव्याची बस मिळते. हा खर्च काही रुपयांचाच आहे. वाटेत रायबंदरपर्यंतचा सरळ रस्ता म्हणजे १६३०च्या दशकात बांधलेला लिन्यारिशचा बांध. कडेला पाणथळ आणि मिठागरं, सकाळी बगळे. बसमध्ये उजवीकडे जागा मिळाली तर बरं.

बॉम जेजुस बसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल, दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. बसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ त्यांचं निधन झालं आणि नंतर शव गोव्यात आणलं गेलं. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवली, तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकने पाठवला. पेटी उंचावर आहे, खालून सगळं दिसत नाही, म्हणून दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम वापरा, पण फ्लॅश नको. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते तेव्हा फिरणं टाळा. संग्रहालयांना तिकीट आहे. पैसे वाचवायचे असतील तर ती सोडून द्या.

बहुतेक बस इथूनच परत फिरतात. तुम्ही टेकडीवर संत ऑगस्टिनच्या अवशेषांकडे जा. कालची घंटा इथलीच. मठाचं छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, आता एक अर्धा मनोरा उभा आहे. गवतात कोरीव समाधीशिळा पडलेल्या आहेत. जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीला १६२४ मध्ये इराणात ठार मारलं आणि तिच्या अस्थी ऑगस्टिनी साधूंनी इथे आणल्या. भारतीय पुरातत्त्व खात्याला त्या याच ढिगाऱ्यात सापडल्या, डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सुपूर्द केल्या. माणसं तिथे फारशी नसतात. वारा आणि पोपट असतात.

मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीवर उतरा. कमान सोळाव्या शतकाच्या शेवटची. समोर दिवाडीची फेरीबोट, तीही पायी माणसाला मोफत. दिवाडी बेटावर पियदादेच्या टेकडीवरचं चर्च आणि तिथून दिसणारी खाजणं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, सुंदर आहेत. पण मराठी माणसाने इथून आणखी पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वेची फेरीबोट लागते. अंतर चालायला बरंच आहे, म्हणून या दिवसापुरती भाड्याची दुचाकी घेतलीत तर सोपं जाईल. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. खासगी पाटीची गाडी कुणी भाड्याने देऊ केली तर घेऊ नका, पोलिसांनी पकडल्यावर दंड तुम्हाला बसतो.

नदी ओलांडून नार्वेला गेलात की झाडीत श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा पूर्वी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडलं, लिंग नदीपलीकडे आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देऊळ नव्याने बांधवलं. तसा शिलालेख दारावर आहे. ज्या नदीवरून देव आणला ती तुम्ही आत्ताच फेरीबोटीने ओलांडून आलेले असता.

देवळाच्या अंगणात दीपस्तंभ आहे, मागे डोंगराची सावली. जेवणाची सोय जवळपास नसते, तेव्हा सकाळी पोदेराकडून घेतलेले पाव आणि केळी बरोबर ठेवा. दुपारी परत निघताना नार्वेच्या धक्क्यावर बोट समोरच्या काठाला असेल तर घाई करू नका. ती येईपर्यंत पायरीवर बसा, पाण्यात खंड्या सूर मारताना दिसतो.